साधा लॅपटॉप आणि फोटो एडिटिंग : कुठे चालतं, कुठे अडतं, काय बदलायचं

कॉलेजसाठी किंवा घरून काम करण्यासाठी घेतलेला लॅपटॉप. आय-३ किंवा रायझन ३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. यावर फोटो एडिटिंग होतं का? होतं. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) उघडायची, उजेड आणि रंग जुळवायचे, क्रॉप करायचं, थोडे डाग काढायचे आणि इन्स्टाग्रामसाठी किंवा १२×१८ इंची प्रिंटसाठी जेपेग काढायची, एवढं काम असा लॅपटॉप व्यवस्थित करतो. अट एकच, त्यात एसएसडी (फिरत्या तबकडीच्या एचडीडीऐवजी चिपवरची वेगवान डिस्क) हवी. तो अडतो लग्नाच्या अल्बमच्या शीटवर, दहा-बारा फ्रेम जोडून केलेल्या पॅनोरमावर आणि एआय डिनॉइजवर, म्हणजे फोटोतले दाणे एआयने पुसण्यावर.

म्हणून ‘फोटोशॉप चालेल का’ असं विचारण्यापेक्षा ‘माझी फाइल केवढी आणि मला तिचं काय करायचंय’ असं विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पैसे खर्च करण्याची पायरी चौथी आहे. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि चुकीचा भाग बदलून बसतात.

१. लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते वाचा

स्क्रू काढायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि डावीकडची एकेक ओळ बघा.

मेमरी : वर उजवीकडे एकूण रॅम दिसते. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘१ ऑफ २’ असेल तर एक जागा रिकामी आहे, म्हणजे रॅम वाढवणं सोपं. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी काढता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे आणि ती बदलता येणार नाही. तिथेच ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आकडाही बघा. काही रायझन लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी २ जीबीपर्यंत रॅम आधीच बाजूला काढलेली असते, त्यामुळे ८ जीबीच्या जागी जेमतेम ६ जीबी हातात येते. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘यूएमए फ्रेम बफर’ अशी सेटिंग असेल तर ती कमी करता येते. सगळ्या कंपन्या ती उघडी ठेवत नाहीत.

डिस्क : नावाखालीच ‘एसएसडी’ की ‘एचडीडी’ ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर पुढचं सगळं वाचण्याआधीच तुमचं निदान झालं म्हणा.

जीपीयू : ‘डेडिकेटेड’ मेमरी १२८ किंवा ५१२ एमबी इतकीच असेल तर ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच आहे. ‘शेअर्ड’चा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका, ती तुमचीच रॅम आहे, गरजेप्रमाणे उसनी घेतली जाते. एक बारीक गोष्ट इथे कळते. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आय-५ लॅपटॉपवर ‘आयरिस एक्सई’चा स्टिकर असतो, पण आत रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज त्याला नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणतं. दुसरी पट्टी बसली की नाव आणि वेग दोन्ही बदलतात.

स्क्रीनचं रिझोल्यूशन ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये दिसतं. १३६६×७६८ असेल तर लक्षात घ्या, फोटोशॉपला कमीत कमी १२८०×८०० लागतं. उंची ३२ पिक्सेलने कमी पडते. प्रोग्राम उघडेल, पण पॅनेल एकमेकांवर चढतात आणि काही खिडक्यांची ‘ओके’ बटणं स्क्रीनच्या खाली जातात.

शेवटी ‘विनव्हर’ टाइप करून विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी हा हिशोब करा.

२. तुमच्या फाइलचं वजन काढा

डिस्कवर दिसणारा फाइलचा आकार इथे कामाचा नाही. ८ एमबीची जेपेग उघडली की ती रॅममध्ये पूर्ण पसरते. हिशोब सोपा आहे : रुंदी गुणिले उंची, गुणिले ३ रंग. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला १ बाइट, १६ बिटमध्ये २ बाइट.

मोबाइलचा १२ मेगापिक्सेल फोटो म्हणजे ४०००×३०००. ८ बिटमध्ये त्याचे ३६ एमबी होतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे ६०००×४०००. ८ बिटमध्ये ७२ एमबी, १६ बिटमध्ये १४४ एमबी. आणि हा झाला एक लेअर, म्हणजे फाइलमधला एक थर. त्या लेअरची कॉपी केली की पुन्हा तेवढेच. पाच लेअरची १६ बिट फाइल ७०० एमबीच्या पुढे जाते, आणि मागे जाता यावं म्हणून प्रोग्राम जो इतिहास साठवतो तो वेगळाच.

आता अल्बम. लग्नाच्या करिझ्मा अल्बमची १२×३६ इंची शीट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६००×१०८०० पिक्सेल होते. नुसती रिकामी पार्श्वभूमी ११७ एमबी. त्यावर बारा फोटो, प्रत्येक फोटो मूळ आकारात स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो जसाच्या तसा आत ठेवणारा लेअर) म्हणून टाकलेला, वर सावल्या, फ्रेमा, फुलांच्या पीएनजी. अशी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) १ जीबी सहज ओलांडते. २ जीबीच्या पुढे तर पीएसडी म्हणून सेव्हच होत नाही, पीएसबी करावी लागते. एकेका फोटोवर काम करणारा आणि अल्बम डिझाइन करणारा दोघं ‘फोटोशॉप’च म्हणतात, पण दोघांना लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रॅमची दुसरी बाजूही मांडा. विंडोज ११, अँटीव्हायरस आणि मागे चालणाऱ्या बारीकसारीक गोष्टी मिळून ३ ते ४ जीबी खातात. क्रोममध्ये दहा-बारा टॅब उघडे असले तर आणखी १ ते २ जीबी. ८ जीबीपैकी फोटोसाठी उरते ३ जीबीच्या आसपास. अडोबी फोटोशॉपसाठी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते, त्याचं कारण हेच. ८ जीबीवर प्रोग्राम चालतो, पण सोबत दुसरं काही चालू नको.

३. आधी मोजा, मग ठरवा

स्वतःच्याच फाइल घ्या, बाहेरून उतरवलेले नमुने नकोत. २० रॉ फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा. लॅपटॉप रिस्टार्ट करा, चार्जर लावा, पाच मिनिटं तसाच राहू द्या. चार्जर लावणं महत्त्वाचं आहे, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आखडता घेतात. मोबाइलच्या कमी वॅटच्या टाइप-सी चार्जरवर लावला तरी तेच होतं. लॅपटॉपसोबत आलेला ४५ किंवा ६५ वॅटचाच वापरा.

टास्क मॅनेजर बाजूला उघडा ठेवून तीन कामं करा. एक फोटो उघडून १०० टक्के झूमवर डाग काढा. मग पाच लेअरची फाइल तयार करून तिच्यावर मोठा ब्लर लावा. शेवटी वीसही फोटो एकदम जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करा आणि पहिल्या दहांना किती वेळ लागला, पुढच्या दहांना किती, ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. आकडे वाचायचे ते असे.

मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्क १००ला टेकलेली : रॅम कमी पडतेय, आणि तिचं काम डिस्कवर ढकललं जातंय. एचडीडी असेल तर माउसचा बाणही थबकतो. एसएसडी असेल तर काम चालत राहतं, फक्त धापा टाकत.

मेमरी ६०-७० टक्के, सीपीयू १०० टक्के : प्रोसेसर त्याच्या परीने धावतोय. एक्स्पोर्टच्या वेळी हे असंच दिसायला हवं, यात बिघाड काही नाही. रॅम वाढवून हा वेळ कमी होणार नाही. नेमकी इथेच लोक रॅम घेऊन येतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात.

पहिले दहा फोटो पटपट, पुढचे दहा सावकाश : उष्णता. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा. सुरुवातीला ३ गिगाहर्ट्झच्या वर असलेला आकडा पुढे दीडवर आला असेल तर पंखा, जाळी आणि थर्मल पेस्टकडे (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बघायला हवं. पायरी ७ बघा.

सगळे आकडे निवांत, तरीही ब्रश हाताच्या मागे रेंगाळतो : ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप कंपनीच्या किंवा इंटेल-एएमडीच्या साइटवरून नवा घाला. तरीही सुटलं नाही तर फोटोशॉपच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढून पुन्हा तपासा. ब्रश सुधारला तर दोष ग्राफिक्सकडेच आहे हे पक्कं.

फोटोशॉपमध्ये याहून नेमका मापक आहे. खिडकीच्या तळाशी डावीकडे फाइलच्या आकाराशेजारचा बाण दाबून ‘एफिशियन्सी’ निवडा. १०० टक्के असेल तर सगळं काम रॅममध्ये चाललंय. आकडा १००च्या खाली उतरला की फोटोशॉप डिस्कवर लिहू लागलं. एखाद्या मोठ्या फाइलला तो क्षणभर उतरला तर हरकत नाही. रोजच्या फाइललाही ७०-७५च्या आसपास घुटमळत असेल तर रॅम हवीच.

४. खर्च : आधी एसएसडी, नंतर रॅम

लॅपटॉपमधली एचडीडी सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी ५०० एमबीच्या आसपास, एनव्हीएमई (नव्या जोडणीची) एसएसडी तिच्या कितीतरी पट. पण खरा फायदा या आकड्यांत दिसत नाही. प्रिव्ह्यू, कॅटलॉग, कॅश यांच्या हजारो लहान फाइल असतात, आणि लहान फाइल शोधण्यातच एचडीडीचा सगळा जीव जातो. साटाकडून एनव्हीएमईकडे गेलात तर फोटोच्या कामात फरक जाणवतो, पण एचडीडीकडून एसएसडीकडे आल्यावर जाणवतो तेवढा नाही. तेव्हा जुन्या लॅपटॉपला साटाच बसत असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

मुंबईत हा सगळा माल लॅमिंग्टन रोडवर मिळतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत काही मिनिटं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. निघण्याआधी या गोष्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा : लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेलचा स्टिकर, टास्क मॅनेजरचा मेमरीचा स्क्रीनशॉट आणि मागचं झाकण उघडता येत असेल तर जुन्या रॅमवरची चिठ्ठी.

रॅमच्या चिठ्ठीवर ‘पीसी३एल’ असेल तर डीडीआर३एल, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ‘पीसी५’ म्हणजे डीडीआर५. तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका. डीडीआर४ २६६६ आणि ३२०० एकत्र चालतात, दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने धावतात. ८ ची एक पट्टी आहे आणि एक जागा रिकामी आहे, तर दुसरी ८ ची घाला. दोन सारख्या पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनेल होतं, म्हणजे दोन्ही एकदम काम करतात, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा मिळतो. ४ जीबी सोल्डर केलेली आणि एकच जागा असेल तर तिथे ८ घालून १२ करा. फोटोसाठी १२ जीबी पुरेशी आहे.

एसएसडी घेताना जागेचा प्रकार बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा. नव्यात एम-२, बहुधा २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. एम-२ हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि काही लॅपटॉपना दोन्हींपैकी एकच चालते. मॉडेल नंबरवरून आधी शोधून काढा किंवा दुकानदाराला ‘चालली नाही तर बदलून द्याल का’ असं बिल करण्याआधी विचारा. २५६ जीबी फोटोसाठी तोकडी पडते, ५१२ घ्या.

बिल जीएसटीचं आणि त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला. त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. भाव दर आठवड्याला बदलतात, तेव्हा एकाच दिवशी तीन दुकानांत विचारून घ्या. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवून ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या ड्राइव्हवर तो आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. शेकड्यांत असेल तर ‘नवी’ म्हणून वापरलेली दिली आहे. रॅम बसवल्यावर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा पूर्ण चालवा.

झाकण उघडण्याआधी एक काम विसरू नका. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो. सुटा भाग बदलल्यावर किंवा बायोसमध्ये हात घातल्यावर स्क्रीनवर ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच उघडून कागदावर उतरवून ठेवा. आणि फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय कोणालाही लॅपटॉप उघडू देऊ नका, तो कितीही जाणकार असला तरी.

५. सॉफ्टवेअर कोणतं

लेअर लागत नसतील, फक्त रॉ फाइल सुधारायच्या असतील, तर पैसे न भरताही काम होतं. कॅनन, निकॉन आणि सोनी स्वतःच्या कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे डिजिटल फोटो प्रोफेशनल, एनएक्स स्टुडिओ आणि इमेजिंग एज डेस्कटॉप फुकट देतात. रंग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतात तसेच मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. वेगाच्या बाबतीत मात्र तिन्ही मंदच.

रॉथेरपी आणि डार्कटेबल हे मुक्त प्रोग्राम आहेत. डार्कटेबल शिकायला वेळ घेतो, पण पुढे हात बसतो. साध्या लॅपटॉपवर त्याच्या ‘प्रोसेसिंग’ सेटिंगमध्ये ‘डार्कटेबल रिसोर्सेस’ हा पर्याय आहे, ‘डिफॉल्ट’वर अडखळत असेल तर ‘स्मॉल’ करून बघा. ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ हे मॉड्यूल फार जड आहे, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

लेअर हवेत तर गिम्प फुकट आहे. रॅम ४ जीबी असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी बघा. पीएसडी उघडतं, बॅनर, पासपोर्ट फोटो, साधं कटिंग यासाठी पुरेसं आहे, आणि फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. मात्र २४ मेगापिक्सेलच्या बहु-लेअर फाइलला ते ४ जीबीवर गुदमरतं.

फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिक (अडोबीचाच रॉ फाइल सुधारण्याचा प्रोग्राम) घ्यायचंच असेल तर वर्गणीचं घ्या. ‘पॅच मारून देतो’, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवून देतो, म्हणणारे भेटतील. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहार तोट्याचा आहे : पॅचसाठी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, सोबत काय आत आलं ते कळत नाही, आणि साध्या लॅपटॉपवर मागे गुपचूप चालणारा एखादा प्रोग्राम म्हणजे निम्मा वेग गेला. जुनी आवृत्ती नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडतही नाही. त्यासाठी अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून फाइल डीएनजी करून जुन्या प्रोग्राममध्ये उघडता येतात.

६. सेटिंग : तासाभराचं काम, फुकटचा वेग

फोटोशॉप. ‘एडिट’ मधून ‘प्रेफरन्सेस’, तिथे ‘परफॉर्मन्स’. मेमरीची मर्यादा ७० टक्क्यांवर ठेवा. ८ जीबीच्या मशिनवर ती ९० केली की विंडोजचाच श्वास कोंडतो आणि सगळंच हळू होतं. ‘हिस्ट्री स्टेट्स’ मुळात ५० असतात, २० करा. ‘स्क्रॅच डिस्क’मध्ये (रॅम संपल्यावर फोटोशॉप जिथे तात्पुरतं लिहितं ती जागा) एसएसडीचं ड्राइव्ह निवडा आणि तिथे किमान ४०-५० जीबी मोकळे ठेवा. ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ ही सूचना हे ड्राइव्ह भरल्यावरच येते, आणि नेमकी काम सेव्ह व्हायच्या आधी. पेनड्राइव्ह स्क्रॅच म्हणून कधीही देऊ नका. मध्ये मध्ये ‘एडिट’ मधलं ‘पर्ज ऑल’ वापरा, फक्त त्यानंतर अन-डू मिळत नाही हे ध्यानात असू द्या.

काम ८ बिटमध्येच करायचं का? वेबसाठी, पासपोर्टसाठी, अल्बमसाठी, हो. आकाशाचे किंवा संध्याकाळच्या उजेडाचे हलके उतार खूप ताणायचे असतील तर ते रॉ प्रोग्राममध्येच आटपा आणि फोटोशॉपमध्ये ८ बिट आणा. अर्धं वजन तिथेच उतरतं.

लाइटरूम क्लासिक. साध्या लॅपटॉपवर याचा कायापालट करणारी एकच गोष्ट आहे, स्मार्ट प्रिव्ह्यू. इम्पोर्ट करताना ‘बिल्ड स्मार्ट प्रिव्ह्यूज’वर खूण करा, आणि ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरण्याचा पर्याय चालू करा. २४ मेगापिक्सेलऐवजी लांब बाजूला साधारण अडीच हजार पिक्सेलच्या लहान प्रतीवर तुम्ही काम करता, स्लायडर हाताबरोबर हलतात, आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतं. शार्पनिंग आणि नॉइज ठरवताना मात्र हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर बघा, लहान प्रतीवर त्यांचा अंदाज चुकतो.

कॅमेरा रॉ कॅश २० जीबी करा, एसएसडीवर जागा असेल तर. कॅटलॉग एसएसडीवर, रॉ फाइल बाहेरच्या डिस्कवर असल्या तरी चालतात. आणि क्रम पाळा : आधी डाग काढणं, मग सरळ करणं आणि लेन्स करेक्शन, मग उजेड-रंग, मग मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल), आणि शार्पनिंग-नॉइज शेवटी. आधी वीस मास्क करून मग डाग काढायला गेलात तर प्रत्येक क्लिकला सगळं पुन्हा मोजलं जातं.

एआय डिनॉइजला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर एका फोटोला कित्येक मिनिटं जातात. शिवडीचे फ्लेमिंगो पहाटे वाढीव आयएसओवर टिपले असतील तर निवडक दोन-तीन फोटोंना लावून जेवायला बसा, पन्नास फोटोंना लावू नका. बाकीच्यांना साधं नॉइज रिडक्शन पुरतं.

अल्बम करावाच लागला तर फोटो शीटवर ज्या मापात बसणार त्या मापाला आधी लहान करा आणि मग आणा. ६×८ इंची जागेत ३०० पीपीआयला १८००×२४०० पिक्सेल लागतात. तिथे ६०००×४०००चा स्मार्ट ऑब्जेक्ट टाकून काय मिळणार? एका पीएसडीत एकच शीट, आणि झालेली शीट बंद करूनच पुढची उघडा.

७. उष्णता आणि दमट हवा

गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून एक्स्पोर्ट लावायचं नाही. खालची जाळी बंद होते. मागची कड दोन बोटं उचललेली असली तरी हवा खेळते. पंख्यात वर्ष-दीड वर्षात धूळ साचते, घर रस्त्यालगत असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर लवकर. साफसफाई आणि थर्मल पेस्ट एकदमच करून घ्या.

मे महिन्यात पंखा सतत ओरडत असेल तर एक उपाय करून बघा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, लॅपटॉप थंड राहतो. एकटा फोटो थोडा हळू, पण लांबलचक एक्स्पोर्टला कधी कधी उलट कमी वेळ लागतो, कारण वेग मध्येच कोसळत नाही. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ लपवलेली असते.

पावसाळ्यात एसीच्या गार खोलीतून आणलेला लॅपटॉप लगेच उघडून चालू करू नका. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या. कॅमेऱ्यालाही हेच लागू.

८. स्क्रीन : खरी उणीव इथे आहे

वेग कमी असला तर वेळ जातो, एवढंच. स्क्रीन खोटं दाखवत असेल तर काम वाया जातं. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ एसआरजीबीमधले (वेब आणि लॅबच्या नेहमीच्या रंगपट्ट्यातले) साधारण दोन तृतीयांशच रंग ती दाखवते. लाल-केशरी सगळ्यात आधी मार खातात. गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनाच्या फोटोत गुलाल अशा स्क्रीनवर फिका दिसतो, म्हणून माणूस सॅच्युरेशन वाढवतो, आणि प्रिंटमध्ये माणसांच्या चेहऱ्याजागी सपाट लाल ठिपके येतात. गुलालाच्या फोटोत हिस्टोग्राममधला (उजेडाच्या आलेखातला) लाल चॅनेल उजव्या भिंतीला चिकटला का ते बघा. चिकटला असेल तर स्क्रीनवर कितीही बरं दिसलं तरी लाल-केशरीचं सॅच्युरेशन खाली आणा.

आणखी चार गोष्टी लगेच करता येतात. ‘नाइट लाइट’ बंद. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमधलं ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ आणि एएमडीचं ‘व्हॅरी-ब्राइट’ बंद, कारण चित्र गडद झालं की ती स्वतःहून उजेड बदलतात आणि आपण त्यालाच फोटो समजतो. ब्राइटनेस एका ठरावीक टप्प्यावर ठेवून त्याला हात लावू नका. आणि टीएन स्क्रीन असेल, म्हणजे मान खाली-वर केल्यावर सावल्यांचा रंग बदलत असेल, तर प्रत्येक वेळी त्याच कोनातून बघा.

हातात थोडे पैसे असतील आणि लॅपटॉप पायरी ३मध्ये बऱ्यापैकी पास झाला असेल, तर नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा), १०० टक्के एसआरजीबी मॉनिटर घ्या, एचडीएमआयने जोडा. मोठं काम देण्याआधी त्याच लॅबमधून ६×९ची एक-दोन प्रिंट काढून स्क्रीनशेजारी धरा. लॅबला फाइल देताना एसआरजीबी, ८ बिट जेपेग, ३०० पीपीआय. १२×१८साठी ३६००×५४०० पिक्सेल.

९. कधी नाद सोडायचा

सेलेरॉन किंवा पेंटियम सिल्व्हर, सोल्डर केलेली ४ जीबी, १३६६×७६८ स्क्रीन. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर त्यावर एक रुपयाही घालू नका. फोटोपी आणि मोबाइलवरचं स्नॅपसीड यावर भागवा, पैसे साठवा.

पुढचा लॅपटॉप जुना घेणार असाल तर थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा ऑफिसांतून निघालेल्या मालिका बघा. रॅम आणि एसएसडी बहुतेकांत बदलता येते, पण पातळ मॉडेलमध्ये रॅम सोल्डर असते, तेव्हा मॉडेल नंबर तपासा. आठवी पिढी किंवा पुढची, स्क्रीन १९२०×१०८० आयपीएस. एकाच मॉडेलमध्ये टीएन आणि आयपीएस दोन्ही निघाल्या आहेत, त्यामुळे दुकानात चालू करून बाजूने बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मॅकबुक एअर एम१, ८ जीबीवालं, आजही एकेका फोटोसाठी छान चालतं. त्यात रॅम कधीच वाढत नाही, हे मात्र घेण्याआधीच पचवा.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःच्या वीस रॉ फाइल आणि पोर्टेबल रॉथेरपी घेऊन जा. चार्जर लावून वीसही फोटो एक्स्पोर्टला टाका आणि तेवढ्या वेळात ‘पॉवर ऑन अवर्स’, बॅटरीची उरलेली क्षमता, सगळे यूएसबी पोर्ट आणि स्क्रीनवरचे पांढरे डाग तपासा. इतका वेळ द्यायला दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात विचारा.